शेवटची वाफ

१

शनिवारी पाऊस असो, ऊन असो की कुणी तापानं फणफणलेलं असो, हिल्कामावशीच्या घरची सॉना, ती तळ्याकाठची वाफेची न्हाणी, पेटायची म्हणजे पेटायचीच. सकाळी लाकडं फोडायची, दुपारी तळ्यातून बादल्या भरभरून आणायच्या आणि मग मावशी पायरीवर बसून बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायची. जितकी माणसं तितक्या जुड्या, आणि वर एक.

केर्तूला हे सगळं तोंडपाठ होतं. तिचा जन्म शहरातला, पण उन्हाळे सगळे इथले. दगड तापले की आत जाऊन फळ्यांवर बसायचं, ओगराळ्यानं पाणी ओतून वाफ काढायची, जुडीनं अंग झोडपून घ्यायचं, एकमेकांची पाठ घासून द्यायची, बोंब मारत तळ्यात उडी टाकायची आणि कुडकुडत परत आत यायचं. आत दोनच नियम. भांडायचं नाही, आणि कुणी येऊन शेजारी बसलं तर सरकून जागा द्यायची. अंधारात, वाफेत, कोण आलं म्हणून चौकशा करायच्या नसतात. सरकायचं.

सगळ्यांचं उरकलं की मावशी दगडांवर एक शेवटचं ओगराळं ओतायची, उरलेली जुडी बादलीत ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. मग रविवार उजाडेपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही.

"ही कुणासाठी गं मावशी?"

"ज्याची आहे त्याच्यासाठी."

"म्हणजे कुणाची?"

"केर्तू, तुझ्या आईनं तुला बोलायला शिकवलं, गप्प बसायला कोण शिकवणार?"

ह्या वर्षी केर्तू अकरा वर्षांची झाली, म्हणून रविवारी सॉना झाडण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. पहिल्याच रविवारी ती आत गेली तर बादलीतली जुडी एका बाजूनं पार झडलेली. वरच्या फळीवर पानं चिकटलेली, आणि एका माणसाच्या बसण्याइतकी जागा अजून ओली.

केर्तूनं कमरेवर हात ठेवले. गेल्या उन्हाळ्यात कोंबडीची अंडी कोण पळवतंय हे तिनंच शोधून काढलं होतं (साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा एक काटेरी जाहक होता तो). तेव्हा आता हे प्रकरणही आपलंच, हे तिनं लांब वेणी मागे झटकत ठरवून टाकलं.

२

तपासाला माणसं तीन. केर्तू प्रमुख. तूरे, म्हणजे मावशीचा मुलगा, वयानं मोठा पण कामाला आळशी. आणि इल्पो, केर्तूचा सहा वर्षांचा भाऊ, ज्याचं डोकं उन्हाळ्यासाठी तासून गोटा केलेलं होतं.

इल्पोला सोबत घ्यावंच लागे. बस सुटताना आईनं केर्तूचा दंड धरून सांगितलं होतं, "मला रजा मिळाली की मी येतेच. तोवर हा तुझ्या हवाली. जसा देतेय तसा मला परत पाहिजे. ओरखडासुद्धा नको." केर्तूनं ते मनावर घेतलं होतं. इल्पो धक्क्यावर धावायला लागला की ती आधी त्याची चड्डी मागून पकडायची.

"आई झडलेली जुडी बघते आणि चुलीत घालते," तूरे म्हणाला. "काही बोलत नाही. लहानपणापासून बघतोय."

"आणि तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. मग भूक लागली."

संशयित एकच होता. पलीकडच्या काठावर राहणारा म्हातारा रेइनो. त्याची सॉना वसंतात जळून गेली होती, आणि सॉनाशिवाय शनिवार काढणारा माणूस त्या मुलुखात जन्माला आलेला नव्हता. तिघं होडी वल्हवत त्याच्याकडे गेली. रेइनोकाका मासे धुरावत बसला होता.

"काका, शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होता?" केर्तूनं दरडावून विचारलं.

"कोण विचारतंय? पोलीस?"

"आम्ही."

"मग सांगायलाच पाहिजे. तळ्यात उभा राहून अंग धूत होतो आणि थंडीला शिव्या घालत होतो. साक्षीला हे मासे आहेत, पण आता ते बोलायचे नाहीत."

इल्पोनं ठरल्याप्रमाणे मागून जाऊन त्याचा सदरा हुंगला. "नुसता माश्यांचा वास," त्यानं मोठ्यानं अहवाल दिला.

रेइनोकाका हसला. जुडीचं ऐकल्यावर मात्र त्यानं हातातला मासा खाली ठेवला. "झडलेली होती ना? मग तक्रार कसली? ज्याला दिली त्यानं वापरली. न झडलेली सापडली तर मला सांगायला ये." मग त्यानं धुराकडे बघितलं. "नको. तेव्हा तर येऊच नकोस."

परत येताना तूरे म्हणाला, "म्हातारा लपवतोय काहीतरी." केर्तूलाही तसंच वाटत होतं. कसंनुसं झालेलं कुणाला दिसू नये म्हणून ती जोरजोरात वल्ही मारत राहिली.

३

चोर आत येतो तेव्हा आपणही आत असायचं, हा बेत केर्तूचा. पुढच्या शनिवारी मावशीनं शेवटचं ओगराळं ओतलं, दार ओढलं आणि ती मासळीचं सार ढवळायला घरात गेली. सूर्य अजून झाडांच्या वरच होता. त्या दिवसांत तो मावळायचं नावच घेत नाही. तूरेला दाराशी राखणीला बसवून केर्तू आणि इल्पो पोहण्याच्या ओल्या कपड्यांतच आत शिरले.

दार बंद झालं. खिडकीवर मावशीनं फांद्या लावलेल्या, त्यामुळे आत उजेड असा नव्हताच. केर्तू वरच्या फळीवर चढली. इल्पो खालच्या फळीवर बसला आणि लगेच कुरकुरायला लागला.

"ताई, भाजतंय."

"शूऽऽ. चोराला ऐकू जाईल."

दगड चुरचुरत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग फळी करकरली आणि शेजारी कुणीतरी येऊन बसलं. इल्पो वर आला, केर्तूला वाटलं. ती सरकली. आपण सरकलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. दर शनिवारी सरकत आलेली मुलगी ती.

"ओतू का अजून?" हेही तिनं सवयीनंच विचारलं.

"ओत."

तिनं पाणी ओतलं. वाफ अशी उसळली की कान आतून भाजले. तिनं डोळे मिटून डोकं गुडघ्यांत घातलं. तेवढ्यात पाठीवर हात आले. लहान हात. मानेपासून खाली घासायला लागले, साबणाशिवाय, सावकाश, एखादं भांडं आतून खरवडावं तसे. इल्पोला एवढी अक्कल कधी आली, असं तिला वाटलं. दुखत नव्हतं. उलट अंग हलकं हलकं होत गेलं, आणि क्षणभर तिचा डोळा लागला असावा.

बाहेर धक्क्यावर इल्पो खिदळला.

तो इल्पोच होता. "तूरे, मासा बघ! मासा!" असं ओरडत होता. पाठीवरचे हात घासतच होते.

केर्तूनं उडी मारली. दाराशी पोचून तिनं एकदाच मागे बघितलं. वरच्या फळीवर, ती बसली होती तिथेच, कुणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलं होतं. मग ती बाहेर होती, उन्हात, आणि समोर इल्पो टॉवेल गुंडाळून उभा होता.

"तू कधी बाहेर आलास?"

"केव्हाच. भाजत होतं. तुला सांगितलं की."

"तूरे, हा कधी बाहेर आला?"

तूरे गळ पाण्यात सोडून बसला होता. त्याचे कान लाल झाले. "आलाच असेल. मी... मासा लागला होता गं."

४

रविवारी जुडी होती तशी होती. एक पान झडलं नव्हतं.

केर्तू ती हातात घेऊन उभी राहिली, तेवढ्यात मावशी दारात आली. मावशीनं जुडी बघितली आणि चौकटीचा आधार घेतला. तिला घाबरलेलं केर्तूनं कधी बघितलं नव्हतं. हीच बाई जाळ्यात साप निघाला तरी त्याला शेपटीला धरून भिरकावून देणारी.

"काल माझ्यामागून आत कोण गेलं होतं?"

"कुणी नाही," केर्तू म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

मावशीनं आधी तिच्याकडे, मग अंगणातल्या इल्पोकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "ह्या शनिवारी सॉना नाही," ती म्हणाली आणि कुलूप शोधायला गेली. त्या घराला कुलूप होतं हेच मुलांना माहीत नव्हतं. ते शेवटी सापडलंच नाही.

दुपारी रेइनोकाका होडीतून आला. तो आणि मावशी धक्क्यावर उभी राहून बोलत होती. केर्तू होडी ठेवायच्या छपराखाली लपून ऐकत होती. गुप्तहेराला ते माफ असतं.

"पाठ बघितलीस का?"

"कुणाची बघू?"

"दोघांची."

"माझ्या बहिणीची लेकरं आहेत ती, रेइनो."

"पुढून सगळीच कुणाची ना कुणाची लेकरं असतात, हिल्का. वाफेतून येणाऱ्यांना पाठ तेवढी जमत नाही, ती पोकळच राहते."

दोघांची हा शब्द केर्तूनं ऐकला आणि सोडून दिला. तिच्या डोळ्यांसमोर फळीवर गुडघ्यांत डोकं घातलेली ती आकृती होती. तो इल्पो असेल तर? शेजारी येऊन बसला तो इल्पोच असेल, आणि धक्क्यावर खिदळत होतं ते दुसरंच काही? आपण आपल्या भावाला आत सोडून पळून आलो? त्या आकृतीला केस होते का, तिनं आठवून बघितलं. नव्हते, असं तिनं स्वतःला बजावलं.

५

मग तिनं इल्पोवर पाळत ठेवली.

तो बदलला होता, ह्यात शंका नव्हती. रात्री तिच्या कुशीत घुसणारा पोरगा उशी घेऊन तूरेच्या खोलीत गेला. जेवताना भिंतीला पाठ लावून बसू लागला. अंगातला सदरा काढायचं नाव नाही. ती खोलीत आली की तो बाहेर पडायचा, आणि पडतानासुद्धा तिच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत.

मुस्ती कुत्रा दोघं एकत्र दिसली की गुरगुरायचा. एकदा तो तिच्या हातातली भाकरीसुद्धा न घेता पायरीखाली जाऊन बसला. जनावराला कळतं, केर्तूनं मनात नोंद केली, आणि इल्पोकडे बघितलं.

पण तिची बुद्धी शाबूत होती आणि बुद्धी दुसरंही सांगायची. इल्पोच्या पायांवर डासांनी उठवलेल्या गांधी होत्या, खाजवून खाजवून लाल केलेल्या. बटाट्यांवर शेपू घातलेला दिसला की तो अजूनही तोंड वाकडं करायचा. असलं कुणी सोंग घेईल का? डास चावून घेण्याचं सोंग कोण घेतं?

तिला स्वतःला त्या आठवड्यात काही गोड लागत नव्हतं. राय धान्याची भाकरी, ब्लूबेरी, दूध, सगळं एकाच चवीचं, म्हणजे बिनचवीचं. झोप उडालेली. पाठीत सारखं वारं शिरायचं, खिडकी बंद असली तरी. काळजीनं होतं असं, ती स्वतःची समजूत घालायची. आई शनिवारी येणार होती. आईनं जसा दिला तसा परत मागितला होता.

शुक्रवारी तिनं इल्पोला लाकडांच्या ढिगाआड गाठलं.

"पाठ दाखव."

"नाही."

"का नाही?"

"तू आधी दाखव."

"तपास माझा आहे, इल्पो. संशयित तू आहेस."

"माझापण तपास आहे," इल्पो म्हणाला. तो पाठ लाकडांना टेकवून उभा होता. "माझा तपास वेगळा आहे."

६

शनिवारी दुपारी मावशी आणि तूरे होडी घेऊन आईला आणायला पलीकडच्या काठावर गेले. सॉनाच्या धुराड्यातून धूर नव्हता. तो शनिवार शनिवारासारखा वाटतच नव्हता.

"चल," केर्तू म्हणाली. "आई यायच्या आत मिटवून टाकू. आधी तुझी, मग माझी. तपास म्हणजे तपास."

इल्पोनं विचार केला. "दार उघडं ठेवायचं."

"ठेवू."

सॉना थंड होती. राखेचा आणि सुकलेल्या पानांचा वास येत होता. उघड्या दारातून उन्हाचा पट्टा खालच्या फळीपर्यंत पोचला होता. त्याच्यावर सगळा अंधार. केर्तूनं बादलीतल्या पाण्यात डांबराच्या वासाचा तपकिरी साबण बुडवला. इल्पोनं तिच्याकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले आणि सदरा मानेपर्यंत वर ओढला.

पाठ होती. मणक्यांची माळ, खांद्याच्या हाडाशी आईला फार आवडणारा तो तीळ, आणि डासाची एक ताजी गांध. तिनं हात फिरवला. गरम, घट्ट, मळकी, सहा वर्षांच्या पोराची पाठ. केर्तूला एकदम रडू कोसळलं. तिनं त्याला घट्ट धरलं, आणि ह्या वेळी तो पळाला नाही.

"तूच आहेस," ती म्हणत राहिली. "अरे गाढवा, तूच आहेस."

"मग मी मीच असणार ना," इल्पो म्हणाला. मग त्यानं साबण तिच्या हातातून काढून घेतला. "आता तुझी."

ती हसत वळली, वेणी पुढे घेतली, सदरा वर ओढून खाली वाकली. इल्पोचा हात मानेशी लागला. थोडा खाली आला. थांबला.

लांबून वल्ह्यांचा आवाज येत होता. आईचं हसणं पाण्यावरून ऐकू आलं.

"ताई," इल्पो अगदी हळू म्हणाला. "साबण आत पडला."

गुडघ्यांवर ठेवलेले आपले हात केर्तू बघत होती. जुलै महिना, तळ्याचा काठ, आणि दोन्ही हातांवर डासाची एकसुद्धा गांध नव्हती. तिला आता ती आकृतीही नीट आठवली, गुडघ्यांत डोकं घातलेली. तिच्या पाठीवर लांब ओली वेणी होती.

इल्पो दारापर्यंत मागे सरकला होता. उन्हात उभा राहून तो रडत होता, पण पळाला नव्हता. तिला त्याची इतकी माया आली की उरात कळ उठली. निदान ऊर असतो तिथे.

"माझी ताई कुठाय?" त्यानं विचारलं.

"आतच आहे रे. तू धक्क्यावर जा. धावू नकोस, पाय घसरेल."

"आणि तू?"

"मी तिला पाठवते."

तो गेला. सांगितल्याप्रमाणे सावकाश चालत गेला. ओरखडा नाही, काही नाही, आईनं दिला होता तस्सा. केर्तूनं दार आतून ओढून घेतलं आणि अंधारात ओगराळं चाचपलं. आठवडाभर न पेटलेल्या दगडांवर तिनं पाणी ओतलं. दगड चुरचुरले आणि वाफ उसळून वर गेली.

ती पहिल्या फळीवर चढली. वरच्या फळीवर करकर झाली. तिथं बसलेल्या मुलीनं, कोण आलं हे न विचारता, सरकून तिला जागा करून दिली.